दोन लेकांत वाटलेला मुकुट

बारामतीत आमचं सोनाराचं दुकान होतं. घडणकाम वडील करायचे, मोती ओवायचं काम माझ्याकडं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले, तेव्हापासून रोज दुकानात बसायचे.

इंदापूरकडच्या एका जुन्या राजघराण्याचं काम आजोबांपासून आमच्याकडं होतं. त्यांचा एक मुकुट होता. अर्धचंद्रासारखी सोन्याची पट्टी, तिच्यावर मोत्यांच्या रांगा. त्यांच्या पूर्वीच्या एका राजांनी स्वतःच्या पगडीवरचे मोती उतरवून तो सुनेसाठी घडवला. पुढं घरात येणारी प्रत्येक सून लग्नात तो एकदा घालायची. संस्थान गेलं, जमिनी गेल्या, मुकुट राहिला. लग्न ठरलं की दोरे बदलायला तो आमच्याकडं यायचा.

एका उन्हाळ्यात घरातल्या म्हाताऱ्या आईसाहेब स्वतः तो घेऊन आल्या. लग्न कुणाचंच नव्हतं.

"तात्या, याचे दोन भाग करा. सारखे."

वडिलांनी मुकुट हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "एका लेकाकडं ऱ्हाऊ द्या की. दुसऱ्याला दुसरं काय तरी द्या."

"सांगून बघितलं. दोघं एकमेकांच्या दारात जात नाहीत. मी गेल्यावर यावरनं कोर्टात उभे राहतील."

वडिलांनी करवत काढली, तशा त्या माझ्याकडं वळल्या. "पोरी, इकडं ये. लग्नात माझी मान खाली होती. डोक्यावर ओझं तेवढं कळलं. कसा दिसतो ते पाहिलंच नाही."

"आईसाहेब, मी माघारी आलेली. मला नका घालू."

"आणि मी विधवा," त्या म्हणाल्या. मुकुट माझ्या डोक्यावर ठेवून मागची रेशमी दोरी त्यांनी स्वतः बांधली. मला आरशात बघायचा धीर झाला नाही. त्या मात्र बघत राहिल्या. "छान दिसतो," एवढंच बोलल्या आणि दोरी सोडली.

मोती मी उतरवले, पट्टी वडिलांनी कापली. त्या समोरच बसून होत्या. त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

पुढच्या वर्षी आईसाहेब गेल्या. धाकट्यानं आपला वाटा विकल्याचं कानावर आलं. थोरल्याची कॉलेजातली मुलगी दुसरा वाटा घेऊन आली. तिला त्याचे कानातले करून हवे होते.

"माझ्याच्यानं व्हायचं न्हाय," म्हणून वडील आत गेले. काम मी घेतलं.

"हे आधी काय होतं?" तिनं विचारलं.

मी तिला बसवून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आजी घरात यातलं कधी काही बोललीच नाही."