टीव्हीवर उजळत गेलेली बहीण

लग्नाचे अल्बम आणि मुलामुलींचे बायोडाटे घरी बसून तयार करणाऱ्या माणसाला एक मॉनिटर पुरतो. मला पुरत नव्हता. अंबाजोगाईच्या एका स्टुडिओत मी एका गृहस्थाला दोन पडद्यांसमोर बसलेलं पाहिलं आणि घाटनांदूरला परत येईपर्यंत माझी पक्की खात्री झाली, की माझी प्रगती केवळ दुसऱ्या पडद्यावाचून अडली आहे.

दुसरा पडदा घरातच होता. बैठकीतला टीव्ही. मी एक लांबलचक केबल आणली, कॉम्प्युटर टीव्हीशेजारी मांडला आणि दोघांची सोयरीक जुळवली. टीव्ही माझ्या उजव्या हाताला होता, पण कॉम्प्युटरची समजूत अशी, की तो डावीकडे आहे. माउसचा बाण डावीकडून बाहेर काढला की उजवीकडच्या टीव्हीवर उगवायचा. सेटिंगमध्ये जाऊन दोन चौकोनांची अदलाबदल केली की हे दुखणं मिटतं, असं आता कळलंय. तेव्हा मी आख्खा टीव्ही उचलून डावीकडे नेला. त्यासाठी दिवाण हलवला, दिवाणासाठी आईचं शिलाई मशीन हलवलं, आणि मशीन दारात आल्यामुळं घरातली माणसं काही दिवस तिरकी चालायची.

आण्णा म्हणाले, "मंग आमी बातम्या कुठं बघायच्या?"

"मोबाइलवर बघा की."

"मंग तू अल्बम मोबाइलवर कर की."

माझ्या वडिलांना तंत्रज्ञानातलं काही कळत नाही, असं मी मनात म्हणून घेतलं.

अशात धाकट्या बहिणीला पाहायला सिरसाळ्याचे पाहुणे येणार असं ठरलं. बहीण नर्स आहे. सावळी, नीटस, हनुवटीवर तीळ. आधीच्या दोन स्थळांना तिचा फोटो मीच पाठवला होता, अर्थात उजळून. आमच्याकडं बायोडाट्याचा फोटो उजळतातच. तसाच दिला तर लोक म्हणतात, स्टुडिओवाल्याला काम येत नाही. पण दोन्ही वेळा पाहुण्यांनी एकदा मोबाइलकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, पुन्हा मोबाइलकडं, आणि पोहे खाऊन निघून गेले. हे स्थळ मात्र तिला मनापासून पटलं होतं. मुलगा फोनवर तिच्याशी नीट बोलला होता, नोकरी सोडायची भाषा त्यानं काढली नव्हती.

तिनं मला बजावलं, "दादा, ह्या बारीला फोटोला हात लावायचा न्हाई. हे मोडलं तर तुज्यामुळं मोडंल."

मी मान हलवली. मान हलवायला माझी कधीच हरकत नसते.

पाहुणे येणार म्हणून कॉम्प्युटरसकट माझी हकालपट्टी मधल्या खोलीत झाली. केबल मात्र मी खिडकीच्या जाळीतून बैठकीत तशीच ठेवली आणि टीव्हीवर महादेवाचा भलामोठा फोटो लावला. घर धार्मिक वाटावं हा एक हेतू, आणि आपल्याकडं दोन पडदे आहेत हे पाहुण्यांना कळावं हा दुसरा.

मुलगा, त्याचे वडील आणि आत्या आले. बसले. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या म्हातारीला गुडघ्यामुळं येता आलं न्हाई. पोरीचा चांगला फोटो पाठवा तिला. तिच्या होकाराबिगर आमच्यात पान हलत न्हाई."

मी आत आलो. फोटो होता तसा पाठवायचा, एवढंच काम. पण म्हातारी, तिचा होकार, शिवाय वयामुळं नजरही अधू असणार. म्हटलं, थोडंसंच. फोटोचं सॉफ्टवेअर सुरू केलं तर ते माझ्यासमोर उघडेचना. जिथं शेवटचं वापरलं त्याच पडद्यावर ते उघडतं, म्हणजे ते बाहेर टीव्हीवर उघडलं असणार. घाबरून मी दोन बटणं दाबली, चार पर्याय आले. 'फक्त पीसी' निवडायचं सोडून मी 'डुप्लिकेट' निवडलं. फोटो माझ्यासमोर आला. माझ्यापुरता प्रश्न सुटला. जे माझ्या पडद्यावर तेच आता टीव्हीवर, हा त्या शब्दाचा अर्थ मी सोयीनं विसरलो.

आधी तीळ काढला. मग नाक किंचित बारीक केलं. बाहेरच्या गप्पा थांबल्या. मला वाटलं, महादेवाचा प्रभाव. मी निवांतपणे डावा गाल उजळायला घेतला.

आत्याबाईंचा आवाज आला, "तीळ कुठं गेला वो?"

मुलाचे वडील म्हणाले, "नाक बी घासायलंय कुणीतरी."

बायामाणसांत बसून हे काय बोलायलेत, असं म्हणत मी कपाळाकडं वळलो. तेवढ्यात बहीण आत आली. हातात चहाचा रिकामा ट्रे. तिनं मॉनिटरकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "दादा, मी त्या टीव्हीखालीच बसलीय. समदे एकदा वर बघायलेत अन् एकदा खाली."

मी केबल उपटायला उठलो.

"ऱ्हाऊ दे. ऊठ तिथून."

ती खुर्चीत बसली आणि मागं जायचं बटण दाबू लागली. एकेक करून. कपाळ पूर्ववत झालं, गाल सावळा झाला, नाक आपल्या जागी आलं, शेवटी तीळ उमटला. मी दाराच्या फटीतून पाहिलं, तर सगळे टीव्हीकडं क्रिकेटचा शेवटचा चेंडू असल्यासारखे बघत होते.

ती बाहेर जाऊन उभी राहिली. "ही मी. म्हातारीला हाच पाठवा. पटलं तर पटलं."

मुलगा चाचरत म्हणाला, "माजाबी फोटो स्टुडिओतच केलेला हाय. खरा पाठवू का?"

"कावून? तुमी समोरच बसलाव की," बहीण म्हणाली.

आत्याबाईंनी टीव्हीवरचा तीळवाला फोटो मोबाइलमध्ये टिपून तिथल्या तिथं पाठवला आणि म्हातारीला फोन लावून सगळी हकिगत सांगितली, माझ्या कलाकुसरीसकट. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला. मग आत्याबाईंनी फोन खाली ठेवला आणि बहिणीला शेजारी बसायला जागा करून दिली.

"आई म्हणती, पोरगी पसंत हाय," त्या आण्णांना म्हणाल्या. "फक्त लग्नाचे फोटो ह्या पोराला काढू देऊ नका."

आण्णा म्हणाले, "ते तुमी सांगायची गरजच न्हवती."