जुना डॉक्टर बरा की नवा

"तुला काही कळत नाही."

हे वाक्य विश्रामराव बायकोला रागाने म्हणत नसत. पंखा जरा कमी कर, असं सांगावं इतक्या सहजपणे म्हणत. रंभाबाईंनी कोथिंबीर महाग घेतली, मुलीला सांगून आलेल्या स्थळाबद्दल मत दिलं, बस माजिवड्याला थांबेल ना असं कंडक्टरला दोनदा विचारलं, की हे वाक्य यायचंच. आंबिवलीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून विश्रामरावांचा जन्म गेला. कुठला नट कुठल्या खणात आहे हे त्यांना झोपेतही सांगता यायचं, आणि ज्यांना ते सांगता येत नाही अशा उरलेल्या जगाबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. जग काही ऐकायला येत नव्हतं. रंभाबाई घरातच होत्या.

निवृत्त होऊन वर्ष होतंय तोच, शहाण्णवच्या गणपतीनंतर, त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. पाय हळूहळू जमिनीवर टेकायला लागला, हातात चमचा राहायला लागला. वाचा मात्र एकाच शब्दाशी येऊन अडली. तो शब्द म्हणजे "छ्या!"

चहा दिला, छ्या. अंघोळीला पाणी काढलं, छ्या. पुण्याहून मुलगी आली, तिने गळ्यात पडून "बाबा" म्हटलं, तिलाही छ्या. ती बिचारी रडत परत गेली. रंभाबाई रडल्या नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत तर त्यांच्या मनात असंही येऊन गेलं होतं की, चला, निदान ते एक वाक्य तरी कानाआड झालं. मग स्वतःचीच लाज वाटून त्या देवापुढे जाऊन बसल्या होत्या.

ठाण्याच्या इस्पितळात स्पीच थेरपीच्या एक तरुण बाई होत्या. त्यांनी चित्रांचे पत्ते दिले होते. गाय, कप, छत्री, कुलूप. रोज सकाळी रंभाबाई एकेक पत्ता समोर धरून विचारायच्या, "अहो, हे काय आहे?" आणि नट-बोल्टांच्या हजार जाती ओळखणारा तो माणूस गाईच्या चित्राकडे बघून तोंड फिरवायचा. बाईंनी बजावलं होतं, "त्यांच्या तोंडचा शब्द तुम्ही पुरवू नका. थांबा. आणि त्यांना बोलावंसं वाटेल असं काहीतरी घरात घडू द्या."

आता दोन म्हाताऱ्यांच्या घरात काय घडणार? घडायचं ते फक्त गुरुवारी संध्याकाळी, आणि त्याने रंभाबाईंचं डोकं उठायचं.

गुरुवारी साडेआठला 'नाडीपरीक्षा' नावाची मालिका लागायची. एका मोठ्या इस्पितळाची गोष्ट होती. पाच वर्षं चालली होती आणि संपण्याचं नाव नव्हतं. कोपरच्या एका इमारतीत तळमजल्यावर रंभाबाईंचं घर, घरात मुलीने घेऊन दिलेला रंगीत टीव्ही आणि केबल. वरच्या मजल्यावरचे पोपटराव ठाण्याच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. पैसे देऊन घरात केबल घेणं हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दुसऱ्याच्या घरी जाऊन ती बघणं बसत होतं. ते आठ वाजताच स्वतःची उशी काखेत मारून यायचे, कारण रंभाबाईंचा सोफा खाली बसला आहे अशी त्यांची तक्रार होती. दुसऱ्या जाईबाई. खाडीकाठच्या मोठागावातल्या, इमारतीत दारोदार मासळी विकणाऱ्या कोळीणबाई. गुरुवारी कोणी मासळी घेत नाही, त्यामुळे त्या दिवशी त्या रिकाम्या. घरी नातवंडं टीव्ही हातात देत नाहीत म्हणून इथे. दाराशी भिंतीला टेकून बसायच्या आणि पहिल्या दृश्यापासून तोंड सुरू.

"नाडी लई लांबवली रं यांनी," जाईबाई म्हणायच्या. "आता पायजमा घोट्यावर आला."

"मग बघता कशाला?" पोपटराव.

"सिस्टर ललितासाठी बघतंय. बाकी हाय काय त्यात?"

भांडणाचं मूळ इथे होतं. जाईबाईंचा जीव सिस्टर ललितावर. त्या गरीब नर्सने पाच वर्षांत दोन वेळा नोकरी गमावली होती, एकदा दृष्टी गमावली होती आणि एका भागात ती परतही मिळवली होती. पोपटरावांच्या मते मालिकेची माती झाली ती या ललितामुळेच. त्यांचा माणूस डॉक्टर हर्षवर्धन. पण त्या हर्षवर्धनाचं काम करणारा नट विश्रामरावांच्या आजारपणातच सोडून गेला, तेव्हा मालिकावाल्यांनी त्याच्या गाडीला अपघात घडवला, तोंडाला पट्ट्या बांधल्या, आणि पट्ट्या सोडल्या तेव्हा आतून दुसराच माणूस निघाला. प्लॅस्टिक सर्जरी!

"तोंडाची सर्जरी केली ती समजली," जाईबाई म्हणाल्या. "पण हा टीचभर बुटका झाला तो कसा? पाय पन कापलं का?"

"अहो, ते प्रेक्षकाने समजून घ्यायचं असतं," पोपटराव म्हणाले, पण त्यांनाही ते मनातून पटलेलं नव्हतं. जुना हर्षवर्धन गेल्यापासून ते दर गुरुवारी सुतकात बसल्यासारखे बसायचे.

आणि खुर्चीत विश्रामराव. धडधाकट होते तेव्हा त्यांनी या मालिकेकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता उठून जाता येत नव्हतं, म्हणून बघावी लागत होती. बेशुद्ध बाईच्या ओठांना लिपस्टिक. छ्या! एकच डॉक्टर सकाळी मेंदू उघडतो, दुपारी बाळंतपण करतो. छ्या! या दोघांचा कालवा, त्यांचा चहा, टीव्हीचा आवाज आणि वर या छ्या. रंभाबाई स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटत बसायच्या. दर आठवड्याला ठरवायच्या की आज या दोघांना स्पष्ट सांगायचं, आता पुरे.

एका गुरुवारी पोळी तव्यावर असताना बाहेरून शब्द आला.

"उलटा!"

रंभाबाई तशाच धावल्या. विश्रामरावांचा डावा हात टीव्हीकडे रोखलेला होता. डॉक्टर हर्षवर्धन गंभीर चेहऱ्याने एक्स-रे बघत होता.

"काय उलटा, विश्रामराव?" पोपटराव गोंधळले.

"उलटा! उलटा!"

एक्स-रे खरंच उलटा लावलेला होता. बरगड्या वर आणि मान खाली. जाईबाई खदखदून हसल्या. रंभाबाईंच्या तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली, आणि त्या दिवसापासून पोपटराव-जाईबाईंना स्पष्ट सांगण्याचा बेत त्यांनी गुपचूप मागे घेतला.

मग गुरुवारी एखाद-दुसरा शब्द यायला लागला. सुई न टोचताच सलाईन चाललेलं बघून "खोटं!" ललिताच्या रडण्याला "नाटकी!" त्यावर जाईबाई चवताळायच्या, "भाऊ, तुला काय ठावं बाईचं दुःख?" आणि विश्रामराव मान झटकून पुन्हा, "नाटकी!" गाय, कप, छत्री तशीच पडून राहिली. शब्द यायचे ते फक्त वाद घालायला. रंभाबाईंना याचा आनंद होता आणि संतापही होता. सकाळी तास तास त्यांनी गोड बोलून विचारायचं, आणि शब्द मिळायचे ते या फुकट्या टीव्हीवाल्यांना!

पण तेही टिकलं नाही. एका भागात ललिता नोकरी सोडून निघून गेली. जाईबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "लिवनाऱ्याला काडीची अक्कल नाय."

"उलट आजच आली त्याला," पोपटराव उशी थोपटत म्हणाले. "जाईबाई, तुम्हाला कळतं बोंबील आणि बांगड्यातलं. तेवढंच बघावं माणसाने."

जाईबाई उठून उभ्या राहिल्या. "आन तुला रं पोपटशेट? जन्मभर कागद चिवडलंस, कारकूनच लागलास नि कारकूनच घरी आलास. तुला कागदातलं पन कळलं नाय!"

"वहिनी, ऐकलंत? तुमच्या घरात माझा अपमान होतोय!"

"अहो, बसा हो दोघं," रंभाबाई म्हणाल्या, पण ऐकतं कोण? पोपटरावांची उशी वर गेली, जाईबाई तरातरा बाहेर गेल्या. टीव्हीत डॉक्टर हर्षवर्धन एकटाच कुणाची तरी नाडी बघत उभा राहिला.

पुढच्या गुरुवारी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. विश्रामराव साडेआठला दाराकडे बघायचे आणि मग भिंतीकडे तोंड करून बसायचे. खोटं गेलं, नाटकी गेलं. रंभाबाईंनी मुद्दाम खारट आमटी वाढली, ती ते मुकाट्याने जेवले. छ्यासुद्धा आलं नाही. तेव्हा मात्र रंभाबाई घाबरल्या.

त्या वर गेल्या. पोपटराव म्हणाले, "वहिनी, तुमच्याबद्दल आदर आहे. पण आधी तिने शब्द मागे घ्यावेत."

त्यांनी जाईबाईंना इमारतीच्या फाटकाशी गाठलं. जाईबाई पापलेटाच्या तोंडावरची माशी हाकत म्हणाल्या, "बाय, तुझ्यासाठी जीव देईन. पन त्यो पोपट असंल तिथं मी नाय येत."

"अहो, तुमच्या त्या मालिकेपायी माझ्या घरात माणूस मुका होतोय!" रंभाबाई ओरडल्या. रस्त्यावर ओरडायची त्यांना सवय नव्हती. जाईबाईंनी पाटी उचलली, पण हो म्हणाल्या नाहीत.

तिसऱ्या गुरुवारी रंभाबाईंनी टीव्ही लावला. उकाडा होता, दार उघडंच होतं, खिडकीही. विश्रामराव भिंतीकडे. टीव्हीत नवा हर्षवर्धन इस्पितळाच्या गच्चीवर उभा राहून रडत होता. रंभाबाई इतकी वर्षं या मालिकेबद्दल एक अवाक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. पण घरात कोणीतरी बोलायला हवं होतं, आणि त्या आता पार कावल्या होत्या. त्या भिंतीकडच्या पाठीला उद्देशून मोठ्याने म्हणाल्या,

"मला विचाराल तर हा नवाच डॉक्टर बरा आहे. जुना नुसता भुवया उडवायचा. आणि ती ललिता गेली ते छान झालं. सदानकदा रडत असायची मेली!"

जिन्यात काहीतरी धडपडलं. मीटरच्या पेटीजवळून पोपटराव आत आले. "वहिनी! काय बोलताय काय? नवा बरा? मी सहज मीटर बघायला उतरलो होतो, पण हे ऐकून घेणं शक्य नाही!"

त्याच वेळी खिडकीखालच्या पायरीवरून आवाज आला, "कोन मेली गं? कोन मेली?" आणि कमरेवर हात ठेवून जाईबाई दारात उभ्या. "घरी चालली व्हती, घटकाभर टेकली. ललिताला मेली बोलतेस? तिनं तुझं काय खाल्लं?"

"जुन्याच्या नखाची सर नाही याला!" पोपटराव.

"खरं हाय!" जाईबाई. "त्यो तरी मानूस व्हता!"

गेले तीन आठवडे एकमेकांचं तोंड न बघणारी ती दोघं आता खांद्याला खांदा लावून रंभाबाईंवर तुटून पडली होती. आणि रंभाबाईही हटेनात. "नवाच बरा. मी म्हणते नवाच बरा!"

खुर्ची करकरली. विश्रामराव भिंतीकडून वळले होते. चेहरा लाल, डावी मूठ खुर्चीच्या दांडीवर. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"तुला," ते म्हणाले. मग श्वास घेतला. "तुला... काही... कळत... नाही."

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती.

"भाऊ बोलला!" जाईबाई ओरडल्या. "आख्खं बोलला!"

"ऐकलं मी," रंभाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, आणि तो आनंदाने की रागाने हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. इतके महिने पत्ते धरले, हाताने भरवलं, देव पाण्यात ठेवले, आणि या माणसाने सगळी भाषा धुंडाळून आणलं काय, तर हे! लग्नापासून या वाक्यापुढे त्या गप्प बसत आल्या होत्या. आज त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, वेताचा मोडा ओढला आणि नवऱ्याच्या समोर बसल्या.

"मला कळत नाही ना? मग तुम्ही सांगा. जुन्यात असं काय होतं? सांगा, मी ऐकते."

"जु... जुना..." विश्रामराव अडले. कपाळावर घाम आला.

"जुना कसा भारदस्त..." पोपटरावांनी तोंड उघडलं.

"पोपटराव, गप्प बसा!" रंभाबाईंनी हात वर केला. "त्यांचं ते सांगतील."

पोपटराव आयुष्यात पहिल्यांदा अपमान गिळून उशी नसलेल्या सोफ्यावर बसले. जाईबाईंनी पदर तोंडाशी धरला. जाहिरात संपली, मालिका पुन्हा सुरू झाली, आवाजाविना कोणीतरी कोणालातरी स्ट्रेचरवर घालून पळवत होतं. तिकडे कोणी बघितलं नाही.

"जुना," विश्रामराव म्हणाले, आणि बराच वेळ शोधून, जुन्या खणातून नेमका नट काढावा तसा शब्द काढला, "उंच."

"बरं. उंच होता."

"होता," ते म्हणाले. "उंच होता."

पोपटराव मान डोलवायला लागले, जाईबाई डोळे पुसायला लागल्या. आता सगळं गोड होणार असं दिसताच रंभाबाई मोड्यावरून पुढे सरकल्या.

"उंचीने काय होतंय?" त्या म्हणाल्या. "डॉक्टर आहे तो. नारळ काढायला ठेवलाय का त्याला?"

"छ्या!" विश्रामराव गरजले, आणि लालबुंद होऊन पुढचा शब्द शोधायला लागले.