कोऱ्या कडांचा विस्तव

फोन आला तेव्हा मी एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. मधुकरकाकांचा मुलगा निखिल एवढंच म्हणाला, "ताई, बाबा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि..." पुढचं वाक्य त्याला पूर्ण करता आलं नाही. आता सहा आठवडे झाले. एवढ्या दिवसांत मी तीन मोर्च्यांची पत्रकं लिहिली, एका सभेत बोलले, पण काकांवर चार ओळी लिहायला बसले की पेन अडत होतं. कारण सरळ आहे. मी त्यांना एक शब्द दिला होता, दोन जिने चढून एका घराची बेल वाजवण्याचा. दहा महिने मी ती बेल वाजवली नाही.

काका आमच्या नात्याचे नव्हते. नारायण पेठेतल्या एका बोळात त्यांचा छोटा छापखाना होता आणि माझ्या आईवडिलांची सगळी पत्रकं तिथे छापली जायची. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बुद्धवंदनेच्या पाठोपाठ मी पाणी, वस्ती, शिष्यवृत्ती, रोजगार हे शब्द वाचायला शिकले, तेही पत्रकांतूनच. रविवारी सकाळी पप्पा मला सायकलवर पुढे बसवून छापखान्यात न्यायचे. काका चष्मा कपाळावर ढकलून मजकूर वाचायचे आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायचे, "ज्याच्याविरुद्ध लिहिलंय, त्याला एकदा विचारलंत का?" पप्पा वैतागायचे. "मधुकरराव, तुम्ही छापणारे की न्यायाधीश?" काका शांतपणे म्हणायचे, "छापणाराच. म्हणून तर विचारतो. एकदा छापलं की मला पुसता येत नाही."

पण मी तिथे जायचे ती मागच्या अंगणासाठी. रविवारी दुपारी यंत्र बंद झालं की काका शेगडी पेटवायचे. शेगडी म्हणजे पत्र्याचं एक पिंप उभं चिरून त्याचा अर्धा भाग लोखंडी पायांवर बसवलेला, वर जाळी. त्यावर वांगी, कांदे, रताळी, कणसं, आणि आलं-लसूण-लिंबात मुरवलेली कोंबडी. मोठी झाल्यावर मी त्याला बार्बेक्यू म्हणायला लागले तेव्हा काका म्हणाले, "हे भाजणं आहे. बार्बेक्यू करायचं तर मला हाफ पॅन्ट घालावी लागेल, आणि ते पेठेला सोसणार नाही."

कोळसा मात्र बाभळीचाच, लाकडाचा. लोणी काळभोरजवळच्या ओळखीच्या माणसाकडून ते पोतं आणायचे. दुकानात मिळणाऱ्या साच्यातल्या गोळ्यांना हात लावायचे नाहीत. त्यांत काय कालवलंय ते सांगता येत नाही म्हणायचे. पोतं उघडलं की दोन तुकडे एकमेकांवर वाजवून बघायचे. खणखणीत वाजला तो पुरता जळलेला. मंद, बसका आवाज आला की तो तुकडा बाजूला... आत अजून लाकूड आहे, धूर करणार. मी मांडी घालून बसायचे आणि दोन्ही हातांत कोळसे घेऊन कान लावायचे. काळे हात घेऊन घरी गेले की आई ओरडायची, पण पप्पांच्या बोटांना शाई असायची, त्यामुळे तिचं ओरडणं दोघांत वाटलं जायचं.

पेटवायला रॉकेल वापरायचं नाही, त्याचा वास जेवणाला लागतो. नारळाची शेंडी आणि कागद. आता छापखान्यात कागदाला काय तोटा? पण काका छापलेला कागद कधी शेगडीत घालायचे नाहीत. कटिंग मशीनमधून निघालेल्या कडांच्या कोऱ्या पट्ट्या ते पोत्यात साठवायचे आणि तेवढ्याच जाळायचे. एकदा मी रद्दीतली बिघडलेली पत्रकं नेऊन दिली, तर त्यांनी ती परत गठ्ठ्यात ठेवली. "शाईचा वास लागतो गं वांग्याला," म्हणाले. आणि मग, थोड्या वेळाने, "शिवाय कुणीतरी बसून लिहिलेलं असतं ते." ज्वाळा उठल्या की मी घाई करायचे, घाला ना कणसं, घाला ना. ते कागदाच्या रिमच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसायचे. ज्वाळा विझून कोळशावर राखेची पांढरी साय धरल्याशिवाय जाळीवर काही ठेवायचेच नाहीत. "थांब, संपादकबाई. अजून नुसता तमाशा चाललाय."

छापखाना बंद झाला तेव्हा मी कॉलेजात होते. यंत्रं विकली, आणि काका, शैलाकाकू, निखिल वारज्याला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायला गेले. सामानाच्या टेम्पोत पिंपाची शेगडी होती आणि कोऱ्या पट्ट्यांची चार पोतीसुद्धा. रविवारची जागा अंगणाऐवजी गच्ची झाली, एवढाच फरक. गच्चीच्या लगेच खाली, चौथ्या मजल्यावर वानखेडेकाकू राहायच्या. यवतमाळच्या, मुलाच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या, दम्याचा जुना त्रास. काका शेगडी पेटवायच्या आधी त्यांची बेल वाजवायचे आणि म्हणायचे, "खिडकी लावून घ्या, पेटवतोय." तासाभराने पहिलं भाजलेलं वांगं त्यांच्याकडे जायचं. त्या त्याचं भरीत करायच्या आणि अर्धं परत वर पाठवायच्या, इतकं तिखट की काका पाणी पीत पीत म्हणायचे, "बाईंना दमा आहे की आपल्याला, तेच कळत नाही."

मग गेल्या वर्षी थंडीत सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. गच्चीवर कोळसा, लाकूड वा तत्सम काहीही जाळण्यास मनाई. मी त्या दिवशी शैलाकाकूंकडे पुस्तक परत करायला गेले होते. काका घरी नव्हते. मी नोटीस वाचली आणि माझं डोकं फिरलं. मला वाटलं, कळलं सगळं. कोळशाचं नाव पुढे करायचं आणि कोंबडीचा वास बंद करायचा, हा खेळ मी लहानपणापासून बघत आलेय. आम्हाला भाड्याने घर नाकारताना घरमालक असंच काहीतरी दुसरं कारण सांगायचे. त्या रात्री मी पत्रक लिहिलं. आमच्या चुलीवर काय शिजावं हे ठरवणारे तुम्ही कोण, वगैरे. आणि एक ओळ, जिचा तेव्हा मला फार अभिमान वाटला : 'गच्चीखालच्या नाजूक नाकांना धूर झोंबत नाही, माणसं झोंबतात.' दुसऱ्या दिवशी झेरॉक्स काढून मी प्रत्येक दाराखालून एकेक प्रत सरकवली. चौथ्या मजल्यावरही.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "ये जरा." गेले. माझं पत्रक टेबलावर होतं, त्यावर चष्मा ठेवलेला.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "कुणाविरुद्ध आहे?"

"ती नोटीस लावणाऱ्यांविरुद्ध."

"मग माझ्याविरुद्धच झालं. नोटीस मीच लिहून दिली कमिटीला. मजकुरात काही खटकलं का?"

मग काकांनी सगळं सांगितलं. वानखेडेकाकू आठ दिवस दवाखान्यात राहून आल्या होत्या. सोसायटीतली भाडेकरू मुलं गच्चीवर रॉकेल ओतून दुकानातले गोळे पेटवायला लागली होती, ती एकट्या काकांचं ऐकत नव्हती. म्हणून सर्वांनाच बंदी, काकांनाही, बाईंची छाती सुधारेपर्यंत. एवढी साधी गोष्ट होती. दोन मजले चढून विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळली असती.

"बाईंना वाटतंय ते मीच तुझ्याकडून लिहून घेतलं," काका म्हणाले. "मी सांगितलं तर सारवासारव वाटते. तू जाऊन ये एकदा. एवढंच कर."

"जाते," मी म्हणाले.

गेले नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग उशीर झाला म्हणून. मधेच मनाची समजूतही घातली की माझा मुद्दा चुकीचा नव्हता, फक्त पत्ता चुकला. मुद्दा आजही चुकीचा नाही, हे मी ठामपणे सांगेन. घरं अशी नाकारली जातात, मी त्या जिन्यांवरून उतरलेय. पण त्या एका इमारतीत, त्या एका बाईला मी जे म्हटलं ते खोटं होतं, आणि ते माझ्या शब्दांत तिच्या दाराखालून आत गेलं होतं. उन्हाळ्यात डॉक्टरांनी परवानगी दिली, फळ्यावरची नोटीस काढून टाकली. काका वर जाऊन बेल वाजवून आले. वानखेडेकाकू म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, तुमच्या मंधात आमचं नाक कायले?" त्यानंतर काकांनी शेगडी पेटवली नाही. भेटलो की ते मला काही विचारायचे नाहीत. फक्त निघताना जिन्याकडे एकदा बघायचे.

गेल्या रविवारी शैलाकाकूंचा फोन आला. निखिल गच्चीवरचं पिंप भंगारात द्यायचं म्हणतोय, तुला हवंय का? मी घरातून त्या पत्रकाच्या उरलेल्या प्रती घेतल्या. मनात होतं की ती शेगडी शेवटची पेटवायची तर याच कागदांवर. मग वारज्याला गेले, दुसऱ्या मजल्यावर न थांबता चौथ्यावर चढले आणि बेल वाजवली.

"कोन?"

"मी... ते पत्रक लिहिणारी."

दार पूर्ण उघडलं नाही, बंदही झालं नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काकांना ठाऊक नव्हतं, नोटीस त्यांनीच तुमच्यासाठी लिहिली होती, नाकाची ती ओळ माझी, एकटीची. त्या ऐकत होत्या. श्वासाची बारीक शिट्टी ऐकू येत होती.

"हे त्याईच्या मरायच्या आधी काऊन नाही सांगितलं मले, बेटा?" त्या म्हणाल्या. "मी त्याईच्याशी धड बोललीच नाही शेवटपर्यंत."

मग त्यांनी माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे बघितलं. "पेटवतं का आज?"

"हो."

"मंग सांग ना तसं. ते सांगायचे."

मी म्हणाले, "काकू, खिडकी लावून घ्या. पेटवतेय." त्यांनी मान हलवली.

गच्चीवर पोत्यात थोडा कोळसा शिल्लक होता. कोऱ्या पट्ट्या संपल्या होत्या. मी पत्रकांचा गठ्ठा पिंपात ठेवला, काडी ओढली... आणि विझवली. छापलेला कागद शेगडीत जात नाही. मग खाली बसले आणि एकेका पत्रकाच्या चारही कोऱ्या कडा हाताने फाडून काढल्या. त्यांचा ढीग शेंडीखाली सारला. कोळसे वाजवून घेतले, बसके बाजूला केले. खालून खिडकी लावल्याचा आवाज आला तेव्हा पेटवलं. ज्वाळा उठल्या आणि मी पुठ्ठा घेऊन थांबून राहिले, राखेची साय धरेपर्यंत.

पहिलं वांगं मी स्वतः चौथ्या मजल्यावर नेऊन दिलं. कडा फाटलेली पत्रकं माझ्या पिशवीतच आहेत. ओळ तशीच आहे त्यांवर, नाजूक नाकांची, काळी, ठळक. ती मला पुसता येत नाही. पिंप भंगारात गेलेलं नाही.