उड्याबाई

आमच्या आत्याला बदनापूरच्या शाळेत सगळे उड्याबाई म्हणत आणि ते तिला माहीत होतं. कुणी नुसतं 'बाई' अशी हाक मारली तर म्हणायची, "कोणती? शाळेत बाया लई हायेत."

क्रियापदाचा काळ शिकवताना ती फळ्याकडे ढुंकूनही पाहायची नाही. व्हरांड्यात खडूनं ओळीत तीन चौकोन आखायची: भूत, वर्तमान, भविष्य. "काल काय खाल्लं?" असं विचारलं की पहिल्या चौकोनात उडी मारून सांगायचं, "भाकरी खाल्ली." "उद्या काय खाशील?" की थेट तिसऱ्यात. मी अंगानं भरलेला. भविष्याकडे झेपावलो की वर्तमानातच आदळायचो. वर्ग खिदळायचा. "हसू नका रे," आत्या म्हणायची, "पोचंल तो. भविष्य जरा लांबच असतंय."

"काळ आधी पायात जाऊ द्या, मंग डोक्यात चढंल," हे तिचं ठरलेलं वाक्य. कुणी "मी राजूरला गेल्तो" म्हटलं तर खोडायची नाही. "चौकोन बराबर हाय ना? मंग पास. पुस्तकातलं 'गेलो होतो' दुपारून शिकू."

मुख्याध्यापकांना मात्र व्याख्या पाठ हव्या होत्या. एकदा व्हरांड्यात येऊन म्हणाले, "बाई, हा व्याकरणाचा तास आहे की लंगडीचा?"

"लंगडीत गडी बाद होतो, सर. इथं कोणीच बाद होत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिचं मराठी काढून तिला शिवणकाम दिलं. तिनं ते निमूट घेतलं. आत्या आणि निमूट! आम्ही घाबरलोच. तास सुरू झाला तर ही म्हणते, "म्हणा रे: कापड कापलं. टाका घालतोय. उद्या पिशवी होईल." खिडकीबाहेर मुख्याध्यापक उभे होते.

मग संस्थेचा निरोप आला: चूक झाली असं लिहून द्या, नाहीतर शहागडच्या शाळेत जा. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. ते काकुळतीला आले. "अक्का, दोन ओळी खरडून दे की. घर इथं, माणसं इथं."

"खऱ्या असत्या तर चार लिहिल्या असत्या," आत्या म्हणाली आणि ट्रंक भरायला लागली. मी आज ऑफिसात साहेबानं पुढं सरकवलेल्या कागदावर न वाचता सही करतो, म्हणून हे वाक्य मला फार छळतं.

निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापक शाल-नारळ घेऊन पुढे आले. तिनं शाल हातानंच थोपवली. "शाल जाणाऱ्याला देत्यात, सर. मी जाऊन राह्यले न्हाई, तुम्ही धाडून राह्यलात." नारळ मात्र ठेवून घेतला.

शहागडला पहिल्याच दिवशी तो पायरीवर फोडून तिनं पोरांना खोबरं वाटलं आणि तिथल्या मुख्याध्यापकांना म्हणाली, "तुमचा व्हरांडा मोठाय, सर. बरं झालं."