शशीने दाखवलेला वाघ

सकाळी फोन वाजला तेव्हा मी दाढी करत होतो. माझा मित्र शशी याच्या मुलीचा, प्राचीचा फोन. "दत्ताकाका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. रात्री जेवून झोपलेला माणूस सकाळी उठलाच नाही. खरं सांगतो, मला आधी त्याचा रागच आला. काहीही करायचं ते कुणाला न सांगता, ही त्याची जुनी खोड... अर्धी दाढी तशीच ठेवून मी निघालो. त्यालाही आता महिना होऊन गेला.

शशी मूळचा देवळ्याचा. नव्वदच्या सुमारास आम्ही दोघं नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर लागलो. तिथे मशिनचा आवाज इतका, की बोलून उपयोग नसायचा. म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. पाठीवर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू दे. शशी कामाला पक्का, पण सेकंड शिफ्ट लागली की कुणाच्या तरी हातापाया पडून ती बदलून घ्यायचा. "बायको सोडत नाही वाटतं संध्याकाळची?" म्हणून सगळे त्याला पिडायचे. तो हसण्यावारी न्यायचा.

खरं कारण मला मुंबईत कळलं. एका हिवाळ्यात आमची सहकुटुंब सहल निघाली. समुद्र बघण्यात, भेळ खाण्यात दिवस गेला आणि प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाशी बस पोचली तेव्हा दिवेलागण होत आली होती. बायका-पोरं लगबगीने पुढे गेली. शशी मात्र पहिल्याच पायरीला अडखळला आणि माझी बाही घट्ट धरून म्हणाला, "दत्ता, सांज झाली का मला दिसत नाय रे. लय वर्षं झाली. कंपनीत कळलं तर घरी बसवतील... आन् पोरीला तर कळूच देऊ नको. तिला वाघ दाखवायचं कबूल केलंय मी." ज्या दिवशी शिफ्ट बदलून मिळाली नसेल, त्या रात्री हा माणूस अंधारात सायकलने घरी कसा पोचला असेल?

मग मी त्याला सोडलंच नाही. सात वर्षांची प्राची त्याचं बोट धरून चाललेली आणि माझा हात त्याच्या पाठीवर. खड्डा आला की एक थाप, वाट मोकळी झाली की दोन. हत्ती झाला, हरणं झाली आणि आम्ही वाघापाशी आलो. पुढे पायरी होती म्हणून मी एक थाप मारली. त्याला वाटलं, वाघच दिसतोय समोर! "बघ बघ प्राची, केवढा धिप्पाड! शेपटी कशी आपटतोय!" समोर नुसतं रिकामं मैदान, वाघ केव्हाच आत गेलेला. आता काय करावं मला सुचेना... तेवढ्यात प्राची ओरडली, "हो बाबा, दिसला! केवढ्या मिशा!" लहान पोर, दगडालाही वाघ समजलं असेल, असं म्हणून मी सुटलो. शशी तर परतताना इगतपुरीपर्यंत त्या वाघाचंच कौतुक सांगत होता.

पुढे मी हात धुऊन मागे लागलो तेव्हा कुठे तो साहेबांशी बोलला. साहेब भला माणूस, त्यांनी त्याला स्टोअरमध्ये कायमची दिवसपाळी दिली. घरी बायकोला सगळं ठाऊक होतं. प्राचीला मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. निघताना प्राची मला रिक्षापर्यंत सोडायला आली. चालता चालता मी म्हणालो, "तुझा बाप म्हणायचा, आमची प्राची अंधाराला फार भिते, दिवे लागले की माझा हात सोडत नाही."

ती थांबली. "काका, मुंबईला तिथे वाघ नव्हताच. तेव्हाच कळलं मला." मग पुन्हा चालू लागत म्हणाली, "मी अंधाराला कधीच भीत नव्हते."

रिक्षात बसून मागे पाहिलं. ती एकटीच घराकडे निघाली होती. रस्ता सगळा मोकळा होता, तरी ती गटाराच्या कडेने चालत होती, आतल्या बाजूला एका माणसाची जागा सोडून...