मैनाबाईचा माग थांबला तेव्हा

पाचपावलीच्या मैनाबाईचा माग बंद आहे, हे कुणाला सांगून पटलं नसतं. नवऱ्याचं तेरावं आटोपलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ही कोष्टीण पातळ विणायला बसली होती. पण १९७८ च्या फेब्रुवारीत एका स्कूटरनं तिच्या मांजरीचं कंबरडं मोडलं आणि माग थांबला.

मी जनावरांचा डॉक्टर. माझी हयात गाई-म्हशींत गेलेली. मांजरीच्या कमरेचं हाड पहिल्यांदाच जोडत होतो. सळी आणि तारा घालून कसंबसं जुळवलं. "सहा आठवडे उडी मारता कामा नये, लहान जागेत ठेवा," असं बजावलं.

मागाखाली विणकराचे पाय सोडायला खड्डा असतो. मैनाबाईनं मांजर त्यातच ठेवली. मग विणणार कुठून?

पाचव्या दिवशी ती दवाखान्यात धावत आली. "डॉक्टरसाहेब, पाच दिवसांपासून शी नाही करून राहिली. काहून जी?"

जोडलेलं हाड आत सरकलं असेल, तर मळाची वाटच बंद. पुन्हा फाडावं, तर त्या जिवाला दुसरी भूल सोसणार नव्हती. मी तसाच तिच्या घरी गेलो. बोट घालून पाहिलं. वाट अरुंद झाली होती, पण मोकळी होती. मग अडलं कुठे?

मांजर पुढच्या पंजांनी खड्ड्याची जमीन खरवडत होती. जमीन शेणानं गुळगुळीत सारवलेली. ही बाई रोज सारवत होती!

मी ओरडलोच, "अहो, उकरायला माती नसेल तर ती बसेल कशी? रेती टाका!"

"मागात घाण?" तिचा चेहरा उतरला. त्या खड्ड्यात तिनं नातवंडांनाही कधी चपला घालून उतरू दिलं नव्हतं. तरी ती घमेलं उचलून बाहेर गेली.

रेती पडली. मांजरीनं ती हुंगली, उकरली आणि मग बसली. कुंथली, कळवळून ओरडली, उठली. पुन्हा बसली. आणि एकदाचं झालं.

मला रडू आलं, लपवत नाही. हाड जोडताना मांजरीच्या मागच्या डाव्या पायाची नस मात्र माझ्या हातून दुखावली होती. तो पाय ती पुढे जन्मभर ओढत चालली.

मैनाबाईनं घाण भरली, हात धुतले आणि मागावर डोकं टेकलं. मला वाटलं, माफी मागतेय.

"नाही जी," ती म्हणाली. "त्याले सांगून राहिली, आणखी पाच आठवडे असंच चालन."