केळीच्या बागेतला निळा माणूस

बाळांनो, काल मी चक्क सिनेमाच्या कामात लुडबुड केली! उत्साह अजून ओसरलेला नाही, म्हणून सकाळची कामे आटोपून लगेच लिहायला बसले.

आपल्या शेजारणीची मुलगी शहाद्यातून मुंबईच्या एका कंपनीचे काम करते. वेगवेगळ्या ठिकाणी टिपलेली चित्रे अशी जोडायची की सांधा दिसू नये. काल तिची परीक्षाच होती. संध्याकाळी पाठवलेले दृश्य पसंत पडले तर तिला इथूनच काम करता येणार होते, नाहीतर मुंबईला जाणे भाग होते. आईचे गुडघे धरलेले, घरात दुसरे कोणी नाही.

दृश्यात केळीच्या बागेत एक शेतकरी उभा होता. बाग तापीकाठची, खरी. नट मात्र स्टुडिओत पिवळ्या दिव्यांखाली टिपलेला. अगदी चिकटवल्यासारखा दिसत होता. संगणकावर चौकोन आखला की आतल्या सगळ्या ठिपक्यांचा सरासरी रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत मिळतो. नटाचे आकडे बागेच्या आकड्यांशी जुळवायचे होते. ती आकडे सांगे, मी वहीत दोन रकान्यांत लिहून घेई, एक बागेचा, एक नटाचा.

"चौकोन पूर्ण बागेवर काढ," मी म्हटले. आयुष्यभर गणित शिकवलेले. सरासरीतून कोणाला वगळायचे नाही, हे डोक्यात पक्के.

तिने ऐकले आणि नट निळा पडला! चौकोनात अर्धे आकाशच आले होते.

चहा घेऊन आलेली तिची आई बघतच राहिली. "हाऊ माणूस बिमार शे का वं?"

"आजींनी केला बिमार!" मुलगी म्हणाली.

"मांगना मजूर त चांगला शे!"

मुलीने मागच्या मजुराकडे पाहिले. तो खराच बागेतला, अंगात पांढरा सदरा. "आजी, पांढऱ्याशी पांढरेच मोजायला हवे!" तिने एक छोटा चौकोन त्याच्या सदऱ्यावर आखला, दुसरा नटाच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मग केसांशी केस. मी भराभर आकडे लिहिले, तिने ते जुळवले, आणि नट बागेत उतरला! मी टाळ्याच वाजवल्या.

दृश्य पाठवले. नंतर तिघीही फोनकडे बघत बसलो. तासाभराने निरोप आला: पसंत.

"मंग तू मुंबईले जात नही ना?" आईने विचारले.

"नही वं माय, आठेच शे मी!"

"मंग ऊठ, भाकरी टाक."